आधी काना सरळ करा : जुन्या वळणाचं अक्षर हाती आणण्याची रीत

जातवैधतेसाठी कोतवाल पंजीची, म्हणजे गावच्या जुन्या नोंदवहीची, नक्कल काढायची वेळ विदर्भातल्या पुष्कळ घरांवर येते. जुनं, पिवळं पडलेलं पान, कुठे मोडीत, कुठे बाळबोधीत. पणजोबाचं नाव सापडलं की काम झालेलं असतं, तरी नजर पानावरून हलत नाही. ज्यानं ते लिहिलं तो जन्म-मृत्यूच्या नोंदी उतरवत होता, कुणी कौतुक करावं म्हणून लिहीत नव्हता. तरीही पहिल्या ओळीतलं आणि शेवटच्या ओळीतलं अक्षर एकाच साच्यातून निघाल्यासारखं दिसतं. ‘जुन्या लोकांच्या हाताला वळण होतं,’ असं म्हणून आपण पान घडी करून ठेवतो. पण वळण लावावं लागतं, गुरांना लावतात तसंच हातालाही, आणि ते चाळिशीतही लागतं.

दासबोधाच्या १९व्या दशकाचा पहिला समास सगळाच लेखनावर आहे. त्यातली कसोटी आजही तीच : पहिलं अक्षर जसं काढलं तसंच शेवटपर्यंत दिसावं, सगळं एकाच टाकानं लिहिल्यासारखं वाटावं. म्हणजे सुंदर अक्षरापेक्षा सारखं अक्षर आधी. आणि देवनागरीत सारखेपणा कुठून येतो हे एकदा कळलं की निम्मं काम होतं. तो कान्यातून, म्हणजे अक्षराच्या उभ्या रेघेतून, येतो.

काना मोजून पाहा

क्ष आणि ज्ञ धरून ३६ व्यंजनं. त्यांपैकी ङ, छ, ट, ठ, ड, ढ, द, र, ह, ळ ही १० सोडली तर उरलेल्या २६ अक्षरांत उभी पूर्ण रेघ आहे. वर आ-कार, दोन्ही वेलांट्या, ओ-कार, औ-कार यांचाही काना. मराठीचं कुठलंही पान हे मुळात उभ्या रेघांचं कुंपण असतं. कुंपणाचे खांब तिरपे-तारपे असले तर तार कितीही नवी लावली तरी ते वाईटच दिसतं.

‘अमरावती’ लिहा. अ, म, रा, व, त आणि दीर्घ वेलांटी मिळून सहा काने येतात. आता स्वतःच्या नेहमीच्या लिखाणातल्या दहा ओळी घ्या, पट्टी लावून प्रत्येक काना लाल पेन्सिलीनं वर-खाली दोन-दोन सेंटिमीटर वाढवा. दोष लगेच दिसतो.

रेघा पंख्यासारख्या उघडत असतील, म्हणजे ओळीच्या सुरुवातीला सरळ आणि शेवटाकडे कललेल्या, तर मनगट एका जागी रुतवून नुसती बोटं फिरवली जात आहेत. कोपर हाताबरोबर उजवीकडे सरकलं पाहिजे. दर दोन शब्दांनी हात उचलून पुढे ठेवा. एक काना डावीकडे, पुढचा उजवीकडे अशी चाळण झाली असेल तर पेन टोकाच्या फार जवळ धरलेलं आहे. टोकापासून अडीच ते तीन सेंटिमीटर वर धरा. काना खाली पोचताना डावीकडे वळून शेपूट सोडत असेल तर रेघ संपण्याआधीच मन पुढच्या अक्षराकडे गेलेलं असतं. बॉलपेननं ही खोड फार लागते, कारण ते घसरत राहतं, थांबत नाही. आणि सगळे काने सारखेच थोडे उजवीकडे झुकलेले असतील तर तो दोष नाही, ते तुमचं वळण आहे. त्याला हात लावू नका.

दाब तपासायचा तर पान उलटवा आणि मागून बोट फिरवा. अक्षरं उठलेली लागली तर दाब जास्त आहे. ज्याच्या पानाला मागून खडबड लागते त्याचा हात दोन पानांतच दुखू लागतो आणि तिसऱ्या पानावर अक्षर मोडतं. परीक्षेच्या पेपरात शेवटची पानं वाचेनाशी होण्याचं बहुतेकदा हेच कारण.

बसणं

टाटपट्टीवर मांडी घालून, वही जमिनीवर ठेवून, पाठीचं धनुष्य करून लिहिणारं पोर पाहिलं की त्याच्या अक्षराला नावं ठेवणं थांबवावं. त्या बैठकीत कोपर अधांतरी असतं आणि शरीराचा सगळा भार मनगटावर येतो. जुन्या कारकुनांकडे उतरतं डेस्क असायचं ते शोभेला नव्हतं. घरी पाट घ्या, त्याच्या पलीकडच्या कडेखाली एक वीट आडवी घाला, उतार मिळाला. पाटाची उंची अशी हवी की कोपर काटकोनात राहील आणि खांदा वर उचलला जाणार नाही. डोळा आणि कागद यांत एक हात अंतर. उजेड डावीकडून, म्हणजे हाताची सावली अक्षरावर पडत नाही. डावखुऱ्यांनी उजवीकडून घ्यावा. ओसरीत सकाळी लिहायला बसणं सगळ्यांत बरं.

कागदाचा माथा किंचित डावीकडे वळवा. फार नाही, घड्याळातल्या १२ वरून ११ वर आल्याइतका.

पहिला आठवडा : नुसत्या रेघा

दुरेघी वही घ्या किंवा कोऱ्या कागदावर आखा. दोन ओळींत ८ मिलिमीटरची जागा धरली तर मधले ४ अक्षराच्या देहाला, वरचे २ वेलांटी-मात्रेला, खालचे २ उकाराला. शाळकरी मुलांसाठी हेच माप दुप्पट.

रोज दहा ओळी काने. वरून खाली, एका श्वासात, खाली पोचल्यावर क्षणभर थांबून मग हात उचलायचा. दोन कान्यांत दरवेळी तेवढंच अंतर, अंदाजे देहाच्या उंचीइतकं. कंटाळवाणं आहे हे खरं, पण हाच भाग टाळून जे थेट अआइई गिरवायला बसतात त्यांचं अक्षर महिनाभरानं होतं तिथंच असतं. वीस मिनिटं पुरे. एका बैठकीत दोन तास गिरवलं तर शेवटचा दीड तास थकलेल्या हाताची वाईट सवयच पक्की होते.

यातच एक गोष्ट मोडीकडून उचला. मोडी लिहिणारा आधी पानाच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत आडवी रेघ ओढायचा आणि मग अक्षरं तिला टांगत जायचा. आपण शाळेत उलटं शिकतो : शब्द आधी, डोक्यावरची रेघ नंतर. त्यात कान्यांचे माथे वर-खाली होतात, मग रेघ कुठे कान्याला कापून जाते, कुठे हवेत तरंगते. दोन आठवडे आधी शिरोरेघ ओढून लिहा. दोरीवर कपडे वाळत घातल्यासारखी अक्षरं आपोआप एका पातळीत येतात. पुढे पुन्हा शब्दानंतर रेघ ओढायला लागलात तरी ती पातळी हातात राहते.

लवकर व्हावं म्हणून शिरोरेघ गाळणारे पुष्कळ आहेत. गुजरातीनं ती कायमची सोडली आणि तिचं काही बिघडलं नाही, पण गुजरातीची अक्षरं त्या बेतानं घडलेली आहेत. मराठीत रेघ गाळली की घ आणि ध, म आणि भ एकमेकांत मिसळतात. आमचं मत स्पष्ट आहे : रेघ ठेवा.

बोरू का, आणि कसा कापायचा

रोजचं लिहिणं पेननंच होणार. तरी दहा-पंधरा दिवस बोरूनं, म्हणजे नळाच्या लेखणीनं, लिहावं, कारण बोरू खोड चालू देत नाही. दाबलं की टोक फाकतं आणि शाईचा ठिपका पडतो, घाई केली की शाई मागे राहते आणि रेघ कोरडी पडते. हाताचा वेग आणि दाब तोच ठरवून देतो.

शेतात हिरवळीच्या खतासाठी पेरतात त्या तागालाही बोरू म्हणतात, तो हा नव्हे. लेखणीला नाल्याकाठी वाढणारं देवनळ किंवा तसंच पोकळ, कडक सालीचं नळ हवं. तुराटी आणि पऱ्हाटी भरीव असतात, त्यांना चिरही नीट बसत नाही. ज्वारीचा धांडा आतून भुसभुशीत, शाईत बुडवला की फुगतो. देवनळ मिळालं नाही तर बुरडाकडून बांबूची बोटभर रुंद कामटी आणा, तिची लेखणी टिकाऊ होते, फक्त कापायला जोर लागतो.

पावसाळ्यानंतर पूर्ण पिकलेलं, हिवाळ्यात साल पिवळी-तपकिरी झालेलं नळ कापा. हिरवं कापलं तर वाळताना सुरकुततं आणि टोक वाकतं. सावलीत महिनाभर वाळवा, उन्हात ते तडकतं. वीतभर लांब, करंगळीपेक्षा किंचित बारीक, ७ ते ९ मिलिमीटर जाडीचा तुकडा निवडा आणि एक पेर वरच्या टोकाला येईल असा कापा, म्हणजे चिर वरपर्यंत पळत नाही.

कापण्याआधी पंधरा मिनिटं पाण्यात ठेवा. मग धारदार चाकूनं टोकाकडे अडीच सेंटिमीटर लांबीचा तिरका काप घ्या. आतला मऊ गाभा खरवडून काढा. तो राहिला तर शाई पिऊन बसतो. दोन्ही बाजू सारख्या छाटत टोक निमुळतं करा. मधोमध सव्वा सेंटिमीटरची चिर द्या : चाकूची धार टोकावर टेकवून हलकेच फिरवायची, ‘टच्’ असा आवाज आला की थांबायचं. चिर पुढे पळाली तर नळ जास्त वाळलेलं होतं. ते टाकू नका, चिरेच्या वरच्या टोकापाशी दोरा घट्ट गुंडाळा, चालून जातं.

शेवटचा छाट महत्त्वाचा. लेखणी पाटीच्या तुकड्यावर किंवा हाडकासारख्या कठीण वस्तूवर ठेवून एकाच दाबात टोक तोडायचं. करवतीसारखं घासलं तर टोकाला तंतू राहतात. सरावासाठी टोक २ मिलिमीटर रुंद ठेवा. देवनागरीसाठी हा छाट सरळ नसतो, तिरपा असतो. लेखणी लिहिताना धरतो तशी धरून वरून पाहिली तर टोकाचा डावा कोपरा पुढे आणि उजवा मागे दिसला पाहिजे. कागदावर टेकवल्यावर टोकाची धार वरच्या डावीकडून खालच्या उजवीकडे पडते, ‘र’च्या शेपटीच्या दिशेनं.

बरोबर छाटलं की नाही हे पाहायला एक अधिकचं चिन्ह आणि एक फुली काढा. अधिकमधल्या उभ्या-आडव्या रेघा साधारण सारख्या जाड यायला हव्यात. फुलीतली ‘र’च्या शेपटीच्या दिशेची रेघ बारीक आणि तिच्याविरुद्धची जाड. नेमकं उलटं आलं तर छाट उलट्या बाजूनं झालाय. इंग्रजी सुलेखनाच्या निबा मराठीला चालत नाहीत त्या याच कारणानं, त्यांची जाड-बारीक आपल्या उलट असते. जुन्या पानावरचं ‘व’ भिंगातून पाहा : पोटाचा वरचा डावा भाग जाड, खालचा डावा बारीक. सगळं सौंदर्य त्या चढ-उतारात आहे, आणि ते हातानं मुद्दाम काढलेलं नाही, टोकाच्या कोनानं दिलेलं आहे. लिहिताना कोन बदलू द्यायचा नाही, इतकंच हाताचं काम.

डावखुऱ्यांसाठी इथे चांगली गोष्ट आहे. डाव्या हातात लेखणी धरली की तिचा दांडा डावीकडे झुकतो आणि सरळ छाटलेल्या टोकाची धारसुद्धा आपोआप देवनागरीला हवी तशीच पडते. उजव्या हाताच्या माणसाला तिरपा छाट घेऊन जे साधावं लागतं ते त्यांना सरळ छाटात मिळतं. पोर डाव्या हातानं लिहीत असेल तर त्याचा हात बदलू नका. कागदाचा माथा उजवीकडे वळवा आणि हात ओळीच्या खाली ठेवायला शिकवा, म्हणजे ओली शाई पुसली जात नाही.

कडा कागदाला ओरबाडत असतील तर बारीक पॉलिश पेपरवर दोनदा फिरवा. शाई धरत नसेल तर सालीवरचा तेलकटपणा राखेनं घासून काढा. एक-दोन पानांनंतर टोक मऊ पडतं. तेव्हा वाळू द्या आणि मिलिमीटरभर पुन्हा छाटा. तीन बोरू आलटून पालटून वापरले की खोळंबा होत नाही.

शाई

बाजारातली काळी ड्रॉइंगची शाई चालते. फाउंटन पेनची शाई बोरूला पातळ पडते, साध्या वहीवर फुटते. घरी करायची तर काजळ आणि डिंक.

तिळाच्या किंवा जवसाच्या तेलाच्या दिव्यावर मातीची परळ पालथी धरून काजळ जमवा. रॉकेलची काजळी तेलकट असते, ती घेऊ नका. डिंक बाभळीचा घ्या. धावड्याचा डिंक लाडवांना उत्तम, पण तो पाण्यात पूर्ण विरघळत नाही, गाठी राहतात. ५ ग्रॅम काजळ, ५ ग्रॅम डिंक, ५० मिलिलिटर पाणी हे सुरुवातीचं माप. डिंक रात्रभर निम्म्या पाण्यात भिजवून फडक्यातून गाळा. त्या दाट पाण्यात काजळ थोडं-थोडं घालत खलात घोटा. काजळ आधीच भरपूर पाण्यात टाकलं तर ते तरंगत राहतं, काही केल्या बुडत नाही, म्हणून सुरुवात दाट चिकात. तासभर तरी घोटायला हवं. शाईची काळी झळाळी घोटण्यातून येते. मग उरलेलं पाणी घाला. दोन लवंगा टाकल्या की वास धरत नाही.

एक रेघ काढून वाळू द्या आणि बोट फिरवा. काळं बोटाला लागलं तर डिंक कमी. रेघ चकाकते आणि कागद वाकवल्यावर तडकते, तर डिंक जास्त. ही शाई फाउंटन पेनमध्ये कधीही भरू नका, डिंकानं पेन कायमचं बसतं.

हिरडा आणि हिराकस यांची शाई पक्की, पण काळानं कागद खाते. काही जुन्या पानांवर अक्षराच्या जागी भोकं दिसतात, ती या जातीच्या शाईची. बिब्ब्याचा उपयोगही शाईत होत असे; त्याच्या तेलानं अंगावर फोड येतात, घरात मुलं असताना त्या वाटेला जाऊ नये.

दौतीत सुती चिंधीचा बोळा ठेवा आणि बोरू त्यावर टेकवून शाई घ्या. टोकाला बेताचीच लागते आणि दौत कलंडली तरी सांडत नाही. सुटा कापूस नको, त्याचा तंतू चिरेत अडकतो आणि रेघेला मिशा फुटतात.

मे महिन्यात, अकोला-चंद्रपुराकडे पारा ४५ अंशांवर गेला की शाई टोकावरच वाळते. तेव्हा पहाटे लिहा आणि दौतीत थेंबभर पाणी घालत राहा. श्रावणात उलटी तऱ्हा : कागद सर्द होतो आणि अक्षर फुटतं. लिहायच्या आदल्या दिवशी कागद पत्र्याच्या पेटीत ठेवावा किंवा चुलीजवळच्या कोरड्या भिंतीला टेकवावा.

अक्षरांची भावकी

बाराखडीच्या क्रमानं गिरवू नका. तो क्रम उच्चाराचा आहे, हाताचा नाही. एकसारखी वळणं एकत्र घ्या. २ मिलिमीटरच्या टोकानं देहाची उंची १० मिलिमीटर ठेवा, म्हणजे टोकाचे पाच ठसे एकावर एक.

व, ब, क हे एक घर. पोट कान्याच्या मध्यावर हवं. बहुतेकांचं ते खाली घसरतं आणि ‘व’ जडावलेला दिसतो. व साधला की ब मध्ये फक्त तिरकी रेघ, क मध्ये उजवीकडची कमान वाढते.

प, ष, फ, य, थ यांचं पोट वरून येतं आणि खालून वळून कान्याला मिळतं. ते कान्याच्या तळापर्यंत जाऊ देऊ नका, खाली एक-तृतीयांश काना मोकळा राहायला हवा. प आणि य यांतला फरक पोटाच्या वरच्या आकड्यात आहे. घाईत तो गेला की ‘पान’ आणि ‘यान’ ओळखू येत नाही.

ग, ण, श यांचा काना सुटा असतो. मधली फट इतर अक्षरांच्या पोटातल्या मोकळ्या जागेएवढीच ठेवा. ‘ग’ची फट वाढली की तो ‘रा’ होऊन बसतो. तसाच ‘ख’ : र आणि व यांच्यात अंतर पडलं की ‘खाना’चं ‘रवाना’ होतं. त्यासाठी र ची शेपटी व च्या तळाला नेऊन जोडा.

घ-ध आणि म-भ या जोड्या ओळीत शेजारी-शेजारी लिहून गिरवा. थ, ध, भ यांच्या डाव्या माथ्यावर शिरोरेघ जात नाही, तिथे लहान गाठ असते. ही गाठ आणि तो खंड दोन्ही ठसठशीत हवेत.

ट, ठ, ढ, द, ड, ह, ळ, छ यांना काना नाही, म्हणून तीच सगळ्यांत जास्त बिघडतात. टेकायला खांब नसल्यानं ती लहान होतात नाहीतर खाली ओघळतात. उपाय हा की शिरोरेघेतून येणारा छोटा देठ आधी अगदी उभा काढायचा, देहाच्या उंचीच्या पाव भागाइतका, आणि गोलाई त्याच्या बरोबर खाली तोलायची. ‘ठ’चं वर्तुळ देठाच्या एका बाजूला झुकलं की अख्खा शब्द कललेला वाटतो.

ल आणि श यांची मराठी रूपं धरा, पाकळीचा ल आणि देठाचा श. शासनानं २००९ साली मराठी वर्णमालेचा आदेश काढला तेव्हा या रूपांचा आग्रह धरला. मोबाइलवर दिसणारी हिंदी वळणाची रूपं पाहून मुलांच्या हातात दोन्ही मिसळू लागली आहेत. एका पानावर एकच वळण दिसलं पाहिजे.

जोडाक्षरं आणि वऱ्हाडचा ऱ्ह

कान्याचा सराव झालेल्याला जोडाक्षरं जड जात नाहीत. काना असलेल्या अक्षराचा काना काढला की ते अर्धं झालं, पुढच्याचा काना दोघांचा. चूक एवढीच होते की अर्धं अक्षरही पूर्ण रुंदीचं लिहिलं जातं आणि शब्द फुगतो. अर्ध्याला निम्मी रुंदी द्या. बिनकान्याची अक्षरं एकाखाली एक रचली जातात : रिद्धपूरचा द्ध, ब्रह्मपुरीचा ह्म. तिथे वरचं अक्षर थोडं लहान करून खालच्याला जागा ठेवावी लागते, नाहीतर खालची ओळ तुडवली जाते.

आपल्या भागातल्या लेखकाला र च्या दोन्ही तऱ्हा नीट यायलाच हव्यात. वर्धा, अर्ज, सूर्य यांत रफार शिरोरेघेच्या वर, पुढच्या अक्षराच्या कान्याच्या माथ्यावर. वऱ्हाड, पऱ्हाटी, गोऱ्हा यांत र ची छोटी चंद्रकोर शिरोरेघेखाली, पुढच्या अक्षराच्या डाव्या अंगाला. ही कोर वर चढली की ती रफारासारखी वाचली जाते, आणि ‘आचार्यांना’ व ‘आचाऱ्यांना’ यांत विद्वान आणि स्वयंपाकी एवढा फरक आहे. वऱ्हाड, चंद्रपूर, वर्धा, संत्रा, ज्वारी, महाराष्ट्र, चिखलदरा हे सात शब्द रोज लिहिले तरी र ची जवळजवळ सगळी वळणं हातातून जातात.

शब्दांमधली जागा एका ‘व’इतकी. जास्त सोडली तर ओळीला भोकं पडतात. जुन्या पोथ्यांत तर शब्द तोडलेलेच नसतात, सलग ओळ धावते. मोर्शी तालुक्यातलं रिद्धपूर हे महानुभावांचं मोठं स्थान, म्हाइंभटांनी १३व्या शतकात चक्रधरस्वामींच्या लीळा लिहून काढल्या तेही तिथेच. पुढे त्या पंथात नकला उतरवण्याचं काम पिढ्यान्‌पिढ्या चाललं, काही सकळ, सुंदरी अशा सांकेतिक लिप्यांतूनही. तिथे एक अक्षर हुकलं की अर्थच फिरतो. शब्द न तोडता लिहिलेली ओळ वाचता येते ती कान्या-कान्यांतलं अंतर सारखं असल्यामुळे. असं एखादं पान पाहायला मिळालं तर दहा मिनिटं नुसत्या मोकळ्या जागा पाहा, अक्षरं नंतर.

चुकलेल्या अक्षरावर जुने लेखक पिवळा हरताळ फासायचे आणि वाळल्यावर त्यावर लिहायचे. ‘हरताळ फासणे’ तिथूनच आलं. हरताळात सोमल असतं, तो वापरू नका. सरावाच्या पानावर चूक खोडूच नये, पुढे तेच अक्षर पुन्हा लिहावं. खाडाखोड करणारा हात चुकेवर दोनदा फिरतो.

पेनवर येताना

दोन आठवडे बोरू, मग आठवडाभर मऊ पेन्सिल, नंतर पेन. बोरूवरून थेट बॉलपेनवर गेलात तर चार दिवसांत जुना दाब परत येतो. फाउंटन पेन किंवा ०.७ चं जेल पेन घ्या. बॉलपेनच वापरायचं असेल तर वहीखाली आठ-दहा कागदांची गादी ठेवा, दाब कमी लागतो.

आता वेग. एका मिनिटात किती शब्द होतात ते मोजा. मग त्याच वेगानं दहा ओळी लिहून पुन्हा लाल पेन्सिलीनं काने वाढवा. समांतर असतील तर पुढच्या आठवड्यात मिनिटाला दोन शब्द वाढवा. फाकले तर दोन कमी करा. वेग कान्यानं ठरवायचा, घड्याळानं नाही.

सहा वर्षांखालच्या मुलांना यातलं काही नको. त्यांना ताटात बारीक वाळू किंवा चाळलेली राख पसरून बोटानं अक्षरं काढू द्या, हीच जुनी धुळाक्षरं. मग पाटीवर बोटभर उंचीची अक्षरं. लहान रेघांची वही लवकर हातात दिली की ती बोटं आवळून पेन धरायला शिकतात, आणि ती मूठ पुढे सोडवणं अवघड जातं.

जुनं पान समोर ठेवून

हात थोडा स्थिर झाला की एखादं जुनं पान निवडा : आजोबांचं पत्र, दुकानाची खातेवही, पंजीची नक्कल. मूळ कागदावर पारदर्शक कागद ठेवून गिरवू नका, दाबानं जुना कागद तुटतो. ओसरीत तिरप्या उजेडात मोबाइलनं वरून सरळ फोटो काढा, दुप्पट मोठा छापून घ्या आणि गिरवायचं ते त्या छापावर. कान्यांचा कल मोजा, देहाची उंची आणि दोन ओळींतलं अंतर यांचं प्रमाण काढा आणि वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा. एका वेळी एकाच माणसाचं वळण घ्या.

मूळ पान हाताळताना हात धुऊन पूर्ण कोरडे करा, थुंकी लावून पान उलटवू नका. फाटलेल्या जागी चिकटपट्टी लावू नका, तिचा गोंद पिवळा पडून अक्षरात उतरतो. लॅमिनेशन तर करूच नका, ते पुन्हा निघत नाही. स्वच्छ धुतलेल्या सुती फडक्यात गुंडाळून, जमिनीपासून उंच, कोरड्या जागी ठेवा, आणि पावसाळा संपल्यावर एकदा उघडून सावलीत वारा दाखवा.